गोठ्यावरच्या काळ्या काचा

मी क्वालिटीत आहे. म्हणजे महाळुंग्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथे बाहेरून येणारा माल आत घ्यायचा की गेटवरूनच परत पाठवायचा, हे ठरवण्याचा पगार मला गेली सव्वीस वर्षं मिळतो. संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोक पाठीमागे म्हणतात की हा माणूस लग्नातल्या अक्षतासुद्धा मापाच्या गेजमधून काढून मगच डोक्यावर पडू देईल. पाठीमागे म्हणतात हे मी आपलं सांगतो, तोंडावरही म्हणतात. एकदा खोक्यांवरची लेबलं पुसट आहेत एवढ्या कारणावरून मी आख्खा टेम्पो दुपारभर उन्हात उभा केला होता. आत माल चोख होता. जाताना ड्रायव्हरने मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं तेही एका लेबलामुळेच घडलं. फरक इतकाच की ते लेबल मी वाचलंच नव्हतं.

आम्ही राहतो चऱ्होलीत. फ्लॅट घेतला तेव्हा बाल्कनीतून ज्वारी दिसायची. आता समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून जमिनीचा एक तुकडा मात्र अजून शिल्लक आहे. तिथे एक वयस्कर जोडपं राहतं, मूळचं इथलंच. सगळी सोसायटी त्यांना मामा-मामी म्हणते. त्यांच्या भावकीने जमिनी देऊन मोठाल्या गाड्या घेतल्या. मामांनी चार म्हशी ठेवल्या. आमच्या घरी दूध त्यांचंच. माझी मुलगी आणि जावई दोघंही हिंजवडीला कामाला जातात, त्यामुळे अडीच वर्षांची नात दिवसभर आमच्याकडे असते आणि ती त्याच दुधावर वाढतेय. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला, आणि वरून मिशा पुसायला माझा शर्ट.

आमच्या कंपनीच्या छपरावर काही वर्षांपूर्वी सोलर बसवलं होतं. नेहमीची निळ्या चौकोनांची पॅनलं नव्हेत. ही काळीशार, बिनचौकटीची, नुसत्या काचेसारखी. दोन काचा, आणि मधे काजळाचं बोट फिरवावं इतका पातळ थर. आमचा मेंटेनन्सचा प्रमुख सांगायचा की ही उन्हाने तापली तरी बरी चालतात आणि ढगाळ दिवशी निळ्यांइतकी रुसत नाहीत. पुढे छपराचे पत्रे बदलायचे निघाले, त्याबरोबर पॅनलंही नवी घ्यायची ठरली, आणि जुनी सगळी उतरवून कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्यातली बरीच चालू होती.

"न्या की राव चार-सहा," मेंटेनन्सवाला म्हणाला, "नाहीतर भंगारात फुटायचीच आहेत."

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य म्हणजे प्रसाद. नाही म्हणायचं नसतं. आमच्याकडची निम्मी घरं कंपनीतून बाद झालेल्या मालावर नांदतात. वॉशर कापून उरलेल्या भोकाभोकाच्या पत्र्याची कुंपणं, बाद पाइपांचे झोपाळे, पॅकिंगच्या फळ्यांची देवघरं. जो माल मी दिवसा नाकारतो तोच संध्याकाळी गेटपास करून घरी नेतो, आणि घरी आला की तो आपोआप उत्तम होतो. यात काही गडबड आहे असं मला सव्वीस वर्षांत कधी वाटलं नाही. कंपनीच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे मी चोर समजून बघतो. बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू मला माहेरवाशीण वाटते.

सहा पॅनलं आणली. सोसायटीच्या गच्चीवर लावायला कमिटीने परवानगी दिली नसती, कारण कमिटीत मीच होतो आणि असल्या अर्जांना हरकत घेणाराही मीच होतो. म्हणून माझी नजर मामांच्या गोठ्याकडे गेली.

"मामा, फुकटची वीज," मी म्हणालो. "दोन दिवे, एक पंखा, छोटा पंप. उन्हाळ्यात म्हशींना वारा."

"फुकटचं म्हनलं की मला भ्या वाटतं," मामा म्हणाले.

"मी आहे ना. मी क्वालिटीत आहे."

"आस्सं," मामा म्हणाले. ते जास्त बोलत नाहीत. मामींनी मात्र विचारलं, "ह्यानं म्हशीला करंट तर बसनार न्हाई ना?" मी हसलो. अडाणी प्रश्नाला शिकलेला माणूस हसतो तसा हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून कानशिलं तापतात.

मोशीहून एक ओळखीचा वायरमन आणला. त्याने दोन दिवसांत काम केलं. पंखा फिरला तेव्हा चारही म्हशींनी रवंथ थांबवून वर पाहिलं. मामींनी गोठ्याच्या खांबाला हळदकुंकू लावलं. मला एवढं चढलं की मी आणखी एक सुधारणा सुचवली. चाकणच्या रस्त्यावरची आणि आजूबाजूच्या बांधकामांची धूळ या काचांवर बसणार, आठवड्याला त्या धुवाव्या लागणार. मग ते पाणी आणि पावसाचं पाणी वाया का घालवायचं? मी काचांच्या खालच्या कडेला पन्हळ बसवून घेतली, तिला नळी जोडली आणि नळीचं तोंड सोडलं थेट म्हशींच्या पाण्याच्या हौदात. कंपनीत असतो तर स्वतःचा फोटो काढून फळ्यावर लावला असता.

वर्षभर सगळं छान चाललं. मग शेजारच्या प्लॉटवर टॉवर चढायला लागला. पावसाळा सरता सरता एका दुपारी पाचव्या मजल्यावरून सेंट्रिंगची एक फळी सुटली आणि गोठ्यावर आली. म्हशी वाचल्या. कडेचं एक पॅनल मधोमध तडकलं. तुकडे पडले नाहीत, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोळ्याचं जाळं.

"बघा वो साहेब, काय करायचं ते," मामा म्हणाले.

"काही होत नाही मामा. वरून चिकटपट्टी मारतो, चालेल."

रविवारी चिकटपट्टी घेऊन गेलो. मामा वैरण आणायला गेले होते. खालून तडा कुठवर आलाय ते बघायला गोठ्यात स्टुलावर चढलो, मोबाइलचा उजेड मारला, आणि काचेच्या पाठीला चिकटलेलं लेबल दिसलं. धुळीने माखलेलं. सवयीने अंगठ्याने पुसलं. बारीक इंग्रजी अक्षरं होती. यात कॅडमियमचं संयुग आहे, फोडू नये, साध्या कचऱ्यात टाकू नये, काम संपल्यावर बनवणाऱ्याकडे परत द्यावं.

लेबल मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं. खालची म्हैस माझ्या पँटचा खिसा चाटत होती.

कॅडमियम म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. या कंपनीत येण्याआधी मी भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या शॉपमध्ये होतो. तिथे बोल्टांवर त्याचाच मुलामा चढायचा. तिथला म्हातारा फोरमन डबा उघडण्याआधी सगळ्यांचे हात कोपरापर्यंत धुवून घ्यायचा आणि शाळेतल्या बाईंसारखी नखं तपासायचा. "हा एकदा मूत्रपिंडात शिरला ना," तो म्हणायचा, "की जुन्या भाडेकरूसारखा. निघत नाही." मी नखं अजून बारीक कापतो ती त्याच्यामुळे.

घरी येऊन मोबाइलवर वाचत बसलो. पॅनलं विकणारे म्हणत होते, हे मोकळं कॅडमियम नव्हेच. दुसऱ्या मूलद्रव्याशी घट्ट बांधलेलं आहे, पाण्यात जवळपास विरघळत नाही, दोन काचांत बंद आहे, काच तडकली तरी बहुतेक जागचं हलत नाही. विरोधक म्हणत होते, चुरा करा, आम्ल ओता आणि मग बघा काय बाहेर येतं ते. मला दोघांचाही संशय आला. विकणाऱ्यांचा यासाठी, की माल उत्तम आहे असं सांगणारा पुरवठादार मला रोज सकाळी नऊला भेटतो. विरोधकांचा यासाठी, की त्यांतले दोघे निळी पॅनलं विकणारे निघाले.

चुरा करून आम्लात बुडवणं वेगळं आणि तडकलेल्या काचेवरून पाणी वाहणं वेगळं, एवढं मला कळत होतं. बहुतेक काहीच झालेलं नसणार, हेही कळत होतं. पण "बहुतेक" या शिक्क्यावर मी आजवर एक बोल्ट आत घेतलेला नाही. इथे तर पन्हळ होती, पन्हळीखाली हौद, हौदावर म्हैस, म्हशीचं दूध आणि दुधाखाली माझी नात. ही साखळी दुसऱ्या कुणी जोडली असती तर मी त्याचा माल जन्मभर बंद केला असता.

खरं तर त्याच संध्याकाळी जाऊन मामांना सांगायचं होतं. पाच मिनिटांचं काम. पण "मी आहे ना, मी क्वालिटीत आहे" हे वाक्य आडवं आलं. म्हटलं, आधी गुपचूप तपासून घेऊ. काही नसलंच तर उगाच कशाला तोंड काळं करून घ्या.

इथून पुढचे तीन आठवडे मी जे वागलो, ते पाहून पोलिसांनी मला उचललं कसं नाही याचंच नवल.

दुधापासून सुरुवात केली. सकाळी मामांकडून दूध आणायचं काम माझंच. मी ते आणून मागच्या बाल्कनीत कुंड्यांना घालायचो आणि पातेल्यात पिशवीचं दूध ओतून ठेवायचो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मामांचं दूध पातळ झालंय."

"ऋतू बदलतोय," मी म्हणालो.

"आणि कुंड्यांना वास मारतोय."

"खत घातलंय."

"अहो, खताला साय येते का?" तिने विचारलं. मी कुंडी उचलून पलीकडे सरकवली. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि ती विचारत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला ती स्वतः जाऊ लागली. मग मी नातीच्या पेल्यावर पहारा ठेवला. एकदा तिच्या हातातला पेला काढून घेऊन मीच पिऊन टाकला. ती रडली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या बारकाईने कुणी काही तपासलं नसेल.

दुसरीकडे पाण्याचे नमुने. हौदातलं पाणी दोन बाटल्यांत भरून भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत नेलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला.

"सांडपाणी कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. म्हशींचं."

"म्हशींच्या पाण्यात काय तपासायचंय?"

"कॅडमियम."

"कॅडमियम?" तिने मान वर करून मला एकदा नीट पाहिलं आणि फॉर्मवर "इतर" या चौकटीत खूण केली. मी दुधाचंही विचारलं. ती म्हणाली, "सर, दुधात ते फारसं उतरत नाही. असलंच तर जनावराच्या आत साठतं." तिला वाटलं, तिने मला धीर दिला. त्या दिवसापासून मी म्हशींच्या कमरेकडे बघायला लागलो. त्या बारीक होतायत का, लघवी किती वेळा करतायत. यासाठी वही केली.

आणि शोध घ्यायचा म्हणजे अर्धवट घ्यायचा नाही. मी गोठ्याचे फोटो काढले. पन्हळीचा उतार टेपने मोजला. गोठ्यातलं पाणी कुठे मुरतं, विहीर किती अंतरावर आहे, हे पावलं टाकून मोजलं आणि कागदावर जागेचा नकाशा काढला. कुणी हटकलं की म्हणायचो, "सहज." एकदा शेजारच्या माणसाने विचारलं तेव्हा गडबडून "सर्व्हे चाललाय" म्हणालो.

आता चऱ्होलीत एक माणूस टेप घेऊन दुसऱ्याच्या जागेत पावलं मोजतोय, विहिरीचे फोटो काढतोय, नकाशा करतोय आणि सर्व्हे चाललाय म्हणतोय, याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. तो फक्त मला कळला नाही. माझं सगळं लक्ष म्हशींच्या कमरेकडे.

पहिला फरक चहात पडला. मला बघितलं की मामी आत वळून आधण ठेवायच्या. ते बंद झालं. मग बसायला पोतं टाकणं बंद झालं. मग मामा "साहेब"चं "पावणं" म्हणायला लागले. मला वाटलं, काचेचं यांना कळलंय. म्हणजे मी त्यांना भितोय आणि ते मला भितायत, आणि मधे चार म्हशी दोघांकडे बघत रवंथ करतायत, असे आठ-दहा दिवस गेले.

प्रयोगशाळेचा कागद आला. कॅडमियम आढळलं नाही. मी तो तीनदा वाचला, शिक्का तपासला, सही तपासली. मग पाकिटात घालून तडक मामांकडे निघालो. आता सगळं सांगून टाकायचं, आणि वर कागद दाखवायचा. चूक आणि तिची दुरुस्ती एकाच भेटीत.

मामा आणि मामी दोघंही गोठ्याच्या तोंडाशी उभे होते. पाकीट बघून मामींनी पदर खोचला.

"आला का कागूद?" मामा म्हणाले.

"आला," मी हसत म्हणालो. मी हसलो हे फार वाईट झालं.

"कुठं सही करायची ते दावा. म्हंजे तिथं न्हाई म्हनून लिवतो."

"सही? कसली?"

"पावणं, आमी अडाणी हाय, पन आंधळं न्हाई," मामी म्हणाल्या. "पयले येक जन आसाच आला व्हता भावजींच्या हितं. फोटू काढले, पावलं टाकली. म्हयन्याभरात हिरीवर बिल्डरचं पत्रं लागलं. किती देतो म्हनलाय बिल्डर? आन तुमचं त्यात किती?"

मला आधी समजायलाच वेळ लागला. समजल्यावर मनात काय आलं ते प्रामाणिकपणे लिहितो: क्षणभर वाटलं, एजंट होऊन जावं. एजंटाला लोक शिव्या देतात, पण गावात अर्ध्या घरांत एक एजंट आहे, त्याची कुणाला लाज नाही. विषारी काच गोठ्यावर बसवणारा क्वालिटीवाला मात्र मी एकटाच.

पण नातीचा पेला आठवला. मी सगळं सांगितलं. लेबल, कॅडमियम, बाटल्या, कुंड्यांत ओतलेलं दूध, वही. म्हशींच्या लघवीचं टाळणार होतो, तेही तोंडातून निघून गेलं. मामी ऐकता ऐकता खाली बसल्या.

मामांनी एकदा हौदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कारखान्यांच्या पान्यानं नदीला डोंगराएवढा फेस येतो तवा येक बी बाटली घिऊन कुनी आलं न्हाई. आन आमच्या हौदाला तुमी तीन हप्तं पाळत ठिवली."

"मामा, पण कागद बघा. पाण्यात काही नाही निघालं."

"कंच्या पान्यात?"

"हौदातल्या."

मामांनी मला हाताला धरून पन्हळीकडे नेलं. नळी हौदातून काढून बाजूला वळवलेली होती आणि तिचं पाणी एका जुन्या पत्र्याच्या टिपाडात पडत होतं. "ज्या दिवशी फळी पडली त्याच सांजंला काढली. फुटक्या काचंवरलं पानी कोन पाजतंय जनावराला? कुसळभर काच पोटात गेली तर? हौदात बोरचं पानी हाय."

म्हणजे मी बोअरवेलचं पाणी तपासून आणलं होतं. आणि नातीचं जे दूध मी कुंड्यांना पाजलं, ते तसं बघता काळजीचं नव्हतंच. मी रोज त्या नळीशेजारून पावलं मोजत गेलो होतो. माझ्या नकाशात ती हौदातच होती, कारण ती मी बसवली होती.

"मंग पयल्या दिवशीच का न्हाई बोलला?" मामींनी विचारलं. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या आत जाऊन स्टीलचा डबा घेऊन आल्या, घासलेला असूनही परत एकदा धुतला, आणि टिपाडातलं पाणी स्वतःच्या हाताने त्यात भरलं. "ह्ये तपासा. आन मी येनार संगं. कागूद आमच्या हातात द्यायचा."

मामी माझ्या स्कूटरवर मागे बसून, डबा मांडीवर धरून भोसरीला आल्या. काउंटरवरच्या मुलीने मला ओळखलं. "परत म्हशी?" ती म्हणाली. तिने त्यांचा डबा बाजूला ठेवला आणि प्रयोगशाळेच्या बाटलीत पाणी ओतून घेतलं. ओतताना थेंब सांडतोय का हे मामींनी वाकून पाहिलं.

दुसरा कागद आठवड्याने आला. यात आकडा होता. अगदी बारीक, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली, पण होता.

"म्हंजे हाय का न्हाई?" मामांनी विचारलं.

"आहे, पण नसल्यासारखं."

"आमची भावकी बी वाटनीच्या वक्ताला आसंच बोलती."

मी समजावून सांगायला बसलो. फुटलेलं पॅनल काढून टाकू. बाकीच्या पाच काचा धड आहेत, त्यांच्यातून काही बाहेर येत नाही; त्या राहू द्या, फक्त पाणी हौदात सोडायचं नाही. पंखा चालू राहील. यातला शब्द न् शब्द बरोबर होता, अजूनही मी तेच म्हणेन. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सुट्टीला येणाऱ्या नातवाची शाळेची वही आणली, कोरं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"लिवून द्या. ह्या पाच काचंनी आमच्या म्हशीला, आमाला आन तुमच्या नातीला काय व्हनार न्हाई. खाली सही करा. तुमी कंपनीत करताच की."

मी पेन घेतलं. वर बघितलं. शेजारचा टॉवर आता सातव्या मजल्यावर होता आणि अजून सात चढायचे होते. प्रत्येक मजल्याला फळ्या. आज या पाच काचा चांगल्या आहेत यावर मी डोळे मिटून सही केली असती. उद्याच्या फळीवर कशी करू? मामा बघत होते. मामी बघत होत्या. मी पेनाचं टोपण लावलं.

"नाही देता येणार," मी म्हणालो.

"मंग काढा," मामा म्हणाले. ते चिडले नव्हते. उलट पहिल्यांदा थोडे बरे दिसले. मामींनी आत जाऊन चहा ठेवला.

काचा उतरवायला मी आणि मामाच होतो. मी वरून बोल्ट सैल करत होतो, ते खालून धरत होते. तडकलेलं पॅनल जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. काम चालू असतानाच भंगारवाल्याचा टेम्पो रस्त्यावर थांबला. त्याला या मालाचा वास कसा लागतो, देव जाणे.

"काय करणार याचं?" मी विचारलं.

"फोडणार ना भाऊ. काच काचेत, तार तारेत. जे निघत नाही ते जाळायचं."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? मागे." त्याने हाताने दाखवलं ती दिशा साधारण अर्ध्या शहराची होती. मी नाही म्हणालो. तो हसला. "आज ना उद्या माझ्याकडेच येणार, भाऊ. घरात कोण ठेवतंय."

कंपनीकडे गेलो. गेटवरच्या माणसाने माझाच जुना गेटपास काढून दाखवला: बाद माल, परत घेणे नाही, खाली माझी सही. बनवणाऱ्या कंपनीला पत्रं पाठवली. पोच आली, उत्तर नाही. असा माल नीट सोडवून परत वापरात आणणारा, परवाना असलेला एक माणूस खूप शोधल्यावर सापडला. तो फोनवर म्हणाला, "सहा नगांसाठी गाडी नाही येत सर. ट्रकभर जमवा, कळवा." त्याच्या परवान्याची प्रत मी मागवून घेतली. त्यावरचा शिक्का जरा तिरका आहे.

म्हणून ती सहा पॅनलं सध्या आमच्या सोसायटीत, माझ्या पार्किंगच्या जागेत आहेत. खाली रबर, वर ताडपत्री. बायकोची स्कूटर बाहेर रस्त्यावर असते. कमिटीने मला नोटीस दिली आहे. तिच्यावर सेक्रेटरी म्हणून माझीच सही आहे. चाकणच्या दोन-तीन ओळखीच्या कंपन्यांत मी विचारून ठेवलंय, तुमच्या काळ्या काचा उतरवाल तेव्हा मला सांगा. एका ठिकाणी विचारलं, "कशाला? कुठे बसवायच्यात?" मी म्हणालो, "कुठेच नाही." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

नात पुन्हा मामांचं दूध पिते. उन्हाळा आला आहे, गोठ्यात पंखा नाही. दुपारी ऊन चढलं की म्हशी धापा टाकतात आणि मामा पाठीवर ओलं पोतं टाकतात. ते दिसू नये म्हणून मी त्या बाजूची खिडकी लावून घेतो.

अधूनमधून मामा सोसायटीत येतात. वॉचमनला मान हलवून थेट पार्किंगमध्ये जातात, ताडपत्री उचलतात आणि बोटाने मोजतात. सहा भरल्या की खाली वाकून जमीन कोरडी आहे का बघतात. मागच्या वेळी मी वरून पाहिलं आणि खाली गेलो.

"मामा, आहेत सगळ्या. भंगारात नाही दिल्या."

"व्हय, दिसतंय," ते म्हणाले, आणि शेवटची काच पुन्हा एकदा बोटाने मोजून मग ताडपत्री खाली सोडली.